हजराबीच्या कोंबड्या

१० डिसेंबर १९६१

हजराबीनं आपल्या पांढऱ्या कोंबड्याचं नाव ‘कलेक्टर’ ठेवलं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "चालते कसा पाहा ना बाईसाब! काम काई नाई, पन सारं आंगन याच्याच बापाचं." मला हसू आवरेना. मुख्यसेविका म्हणून या गावी बदलून आल्यापासून इतकं मोकळं हसले नव्हते.

विकास गटाकडून आलेल्या या विलायती कोंबड्या मी गावातल्या बायकांना वाटल्या. सगळ्यांत चांगल्या वाढल्या त्या हजराबीच्या. तिची अंडी ढाणकीच्या मोटारस्टँडवरच्या हॉटेलात जातात. नवरा वारला आहे. मुलगा अय्यूब सायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो, सवड मिळाली की तळ्यावर जाळं लावून पाखरं धरतो. "पोराची कमाई पोराची, अंड्याची माही," असं ती ठसक्यात सांगते.

माझं नाव गावानं ‘कोंबडीवाली बाई’ ठेवलं आहे. कॉलेज शिकलेली विधवा बाई कोंबडी मांडीवर घेऊन बसते, याची जमीनदार बापूजींच्या आळीला किळस येते. येवो. मी मात्र एक नियम घालून घेतला आहे. इथं एका जातीची बाई दुसरीच्या कोंबडीला हात लावत नाही आणि महारवाड्यातल्या (बौद्धवाडा म्हणायला हवं, मीही अजून चुकते) कोंबडीला तर कोणीच नाही. म्हणून प्रत्येक घरची कोंबडी मी स्वतः धरते, याच मांडीवर, याच पदरात. आणि एका घरून दुसऱ्या घरी जाताना मध्ये हातपाय धूत नाही. धुतले की बायका बरोबर पाहतात, कोणाच्या घरून आल्यावर धुतले ते. पहिल्या आठवड्यात एकदा बौद्धवाड्यातून निघताना मी रांजणावर हात धुतले, तेव्हा त्या घरच्या म्हातारीचा चेहरा उतरलेला पाहिला. तो मी विसरणार नाही. त्या दिवसापासून नियम.

१८ डिसेंबर

सकाळी तानाबाईबरोबर तळ्यावर गेले. तिचं घर तळ्याच्या वाटेवर पहिलं. ती धुणं घेऊन निघाली होती, मी नुसतीच. दर हिवाळ्यात इथं पाखरं उतरतात म्हणे. लाल काड्यांसारख्या पायांची शेकाटी, चिखलात चोच खुपसत पळणारी बारकी तुतारी. यंदा पांढरे कुरवही आले आहेत. समुद्रावरचं पाखरू या काळ्या मातीत पाहून नवल वाटलं.

पण काहीतरी बिघडलं आहे. एक कुरव काठावर जागच्या जागी गरगर फिरत होता, मान पाठीवर उलटी पडलेली. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं. चोचीतून पाणी गळत होतं. पदर भिजवून दोन थेंब पाजले. त्यानं एकदा डोळा माझ्याकडे फिरवला आणि मान टाकली. आसपास पाहिलं तर गवतात आणखी पडलेले होते, शेकाटीही.

तानाबाई लांबूनच ओरडली, "ठेवा व बाई खाली! मेलेलं कायले मांडीवर घेता?"

दोन पाखरं खाकी पिशवीत घेतली, नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवावीत म्हणून. कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं. तेवढ्या शिक्षणाला हे तरी जमायला हवं. परतताना तानाबाईच्या आंगणात टेकले. तिच्या कोंबड्या मला ओळखतात. पिशवीच्या तळाशी त्यांच्यासाठी ज्वारी असतेच, ती हातावर घेऊन चारली.

२० डिसेंबर

संध्याकाळी चावडीवर रेडिओ ऐकायला सारं गाव. गोवा मुक्त झाल्याची बातमी पुन्हा पुन्हा लावायला सांगत होते. बापूजी लोडाला टेकून बसले होते. तळ्याभोवतीचा सगळा कापूस त्यांचा. मला पाहून म्हणाले, "काय कोंबडीवाल्या बाई, तळ्यावरची पाखरं काहून मरून राह्यली? तुम्ही शिकलेल्या, सांगा."

मी म्हटलं, "निश्चित सांगता येणार नाही. विषही असू शकेल."

कोणीतरी ओरडलं, "पोर्तुगीजानं टाकलं असन!" हशा झाला. बापूजी हसले नाहीत. यंदा त्यांच्या कापसावर नवं फवारणीचं औषध मारलं आहे, ते मला नंतर आठवलं. थोडा वेळ ते मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाखरं धरते कोन तिथं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

मी ‘असू शकेल’ म्हटलं होतं. घरी येऊन चारदा आठवून पाहिलं. हो, ‘असू शकेल’च.

२३ डिसेंबर

अय्यूबला बाजारात मारलं. पाखरांना विष घालून तेच मांस लोकांना विकतो म्हणाले. जाळं जाळलं. त्याच्या दुकानासमोर बापूजींचा पुतण्या मारोतराव ठाण मांडून बसला आहे; कोणी सायकल घेऊन आलं की म्हणतो, "लय दिस जगायचं नाई वाटते तुले?"

दुपारी हजराबी माझ्या खोलीच्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही.

"बाईसाब, तुम्ही माह्या पोराचं नाव घेतलं?"

"नाही. देवाशपथ नाही."

"मंग इख कोन म्हनलं?"

"मी म्हटलं, विष असू शकेल. खात्रीनं म्हटलं नव्हतं."

"त्याच्या पाठीवर वळ उठले ना बाईसाब, त्यात खात्रीचा कोनता अन् बिनखात्रीचा कोनता, या, मले दाखवून द्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माह्या आंगनात पाय ठेवू नका आता. तुमी बी नाई, तुमची पिशवी बी नाई."

तिच्या मागे मी बराच वेळ दारात उभी होते. वाक्य खरं असून माणूस खोटं ठरू शकतं, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळावं?

२७ डिसेंबर

तानाबाईच्या कोंबड्या गेल्या. सगळ्या. तुरे निळे पडले, तोंडं सुजली, एक मान उलटी टाकून गरगरत मेली. त्या कुरवासारखीच. तानाबाई म्हणाली, "मानमोडी हाय व ही." याच नावाच्या साथीत माझी आई गेली, मी पाळण्यात होते. माणसाच्या तापाला आणि कोंबडीच्या रोगाला लोकांनी एकच नाव द्यावं, याचं त्या वेळीही मनात हसू आलं.

मेलेल्या कोंबड्या मी स्वतः परसात पुरल्या. तानाबाईला बघवत नव्हतं. तिथून उशीर झाला म्हणून तशीच पुढे मोमीनपुऱ्यात (हजराबीचं दार सोडून) आणि बौद्धवाड्यात जाऊन सगळ्यांच्या कोंबड्या एकेक करून तपासल्या. ठणठणीत आहेत.

३ जानेवारी १९६२

पशुवैद्य भगवानराव पुसदहून आले. तानाबाईचं परस पाहून म्हणाले, "राणीखेत, कोंबड्यांचा नेहमीचा रोग. दुसरं काही नाही." मी तळ्यावरच्या पाखरांबद्दल विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोकिळाबाई, ते समुद्रावरचं पाखरू, ही उकिरड्यावरची कोंबडी. दोघांचा काय संबंध? तळ्यात औषध उतरलं असेल कापसाचं. तुम्ही कोंबड्यांपुरतं पाहा."

मलाही ते पटलं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की मन त्यांची सांगड घालतं. त्या मोहापासून सावध राहायला कॉलेजात शिकवलं होतं.

बर्फाच्या थर्मासमध्ये लशीच्या कुप्या देऊन ते गेले. टोचायला मला येतं. आजपासून घरोघर सुरू केलं. सुई रोज संध्याकाळी उकळते, त्यात कसूर नाही. दिवसभर मात्र एकच सुई, एकच मांडी, सगळ्यांची घरं सारखी. बौद्धवाड्यातून निघून थेट तेलीआळीत गेले तेव्हा तिथल्या एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, "हात धुता ना बाई?" मी नाही म्हटलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण कोंबडी धरू दिली. एवढ्याशा गोष्टीला किती बळ लागतं.

हजराबीकडे गेले. दाराला आतून कडी होती.

११ जानेवारी

हजराबीची भावजय हलीमा, तिच्या गेल्या. बौद्धवाड्यातल्या गेल्या. तेलीआळीतल्या गेल्या. टोचलेल्याच गेल्या. भगवानरावांचा निरोप: रोग आधीच अंगात असणार, लस उशिरा पडली.

आता गावात माझ्या पायगुणाची चर्चा आहे. आज विहिरीवर बायका मला ऐकू येईल अशा बोलत होत्या.

"जिथं जाते तिथं मरते ना व!"

"पायच तसे हायेत तिचे. नवरा बी..."

"गप व, आयकते ते."

मी घागर भरून सरळ चालत आले. नवऱ्याला क्षय होता. पंधरा वर्षं झाली. तेव्हाही सासूनं हेच म्हटलं होतं. एका माणसाच्या चालण्यानं दुसऱ्याचा जीव जातो, हे जोवर हा देश खरं मानतो तोवर माझं हे काम संपणार नाही. उद्यापासून जास्त फिरायचं. ज्या घरी नको म्हणतात त्या घरी आधी जायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला. बौद्धवाड्यातली ती म्हातारी एकटी आली, तिळाचा एक दाणा तोंडात टाकून निघाली. म्हणाली, "त्या दिसापासून तुमी हात नाई धुतला. ध्यानात हाय माह्या." तिचं खुराडं रिकामं आहे, त्याबद्दल एक शब्द नाही.

दुपारी वाटी घेऊन हजराबीच्या दारात गेले. दार उघडलं नाही. फटीतून नुसतं बोलणं.

"काय पाह्यजेन?"

"सण आहे, हजराबी. तिळगूळ आणलाय."

"गोड बोला म्हनता ना त्याच्यावर? बोला मंग. चावडीवर जाऊन बोला. माह्या पोराचं दुकान बंद, सौदा कोनी देत नाई, आटा ढाणकीहून आनाव लागते. घरात जे काई शिजते ते या कोंबड्यायच्या पोटातून येते. तुमची वाटी ठेवा तिथंच."

मी वाटी उंबऱ्याबाहेर ठेवली. आत कलेक्टर आरवला. भर दुपारी. हजराबी त्याला खेकसली, "तू गप! तुले कोनी इचारलं?" आणि मला एकदम रडू आलं, कारण तो आवाज डिसेंबरातल्या हजराबीचा होता.

२२ जानेवारी

नागपूरचं उत्तर आलं: पाखरं सडून पोचली, तपासता आली नाहीत, ताजी पाठवा. म्हणून पुन्हा रोज सकाळी तळ्यावर जाते. हाताला लागतील ती उचलून पाहते, ताजी वाटली तर पिशवीत. अजून मरताहेत, पूर्वीपेक्षा कमी. तिथं आता माझ्याशिवाय कोणी फिरकत नाही. अय्यूबही नाही, त्याला तळ्याकडे पाहायचीसुद्धा मनाई आहे.

गावात आता फक्त हजराबीच्या कोंबड्या जिवंत आहेत. तिच्या दारात कोणी जात नाही, ती कोणाच्या दारात जात नाही. ढाणकीला अय्यूब पहाटे अंडी नेतो आणि येतो, तेवढाच तिचा जगाशी संबंध.

आज तळ्यावरून येताना एक विचार मनात आला, तो प्रामाणिकपणे लिहून ठेवते. सगळ्या घरी मी गेले, सगळ्यांच्या मेल्या. एका घरी गेले नाही, तिच्या जगल्या. वाटेत थबकलेच. आणि मग स्वतःची लाज वाटली. विहिरीवरच्या बायका जे बोलतात तेच मी मनात बोलत होते! अपमान फार दिवस ऐकला की आपणही त्यावर विश्वास ठेवू लागतो. कॉलेजातल्या मास्तरांना काय वाटलं असतं? तो विचार तिथंच पुसून टाकला आणि ठरल्याप्रमाणे चार घरं फिरून आले. कोंबड्या नसल्या तरी माणसं आहेत.

४ फेब्रुवारी

अष्टग्रहीचा आज मधला दिवस. आठ ग्रह एका राशीत आले म्हणून जग बुडणार. देवळात बापूजींनी होम मांडला आहे. धुरानं गाव भरलं होतं. दुपारी कोणीतरी काढलं की साऱ्या गावात कोंबडा आरवतो तो एकाच घरी, म्हणजे ज्यानं हे आणलं त्याचंच घर वाचलं. मारोतराव पंधरावीस माणसं घेऊन निघाला. मला कळलं तशी मी आडवाटेनं धावले आणि त्यांच्या आधी हजराबीच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. आत गेले नाही. तिनं नको म्हटलं होतं.

"बाई, बाजूले व्हा," मारोतराव म्हणाला. हातात काठी होती. "तुमाले आमचं काई म्हननं नाई."

"मलाच म्हणा. विष हा शब्द माझा होता."

"अन् आता काय म्हनता?"

"चुकले म्हणते." मी आवाज चढवला, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जावं. "अय्यूबनं काही टाकलेलं नाही. ही मानमोडी आहे, रोग आहे. मला कळत नव्हतं तरी मी चावडीवर बोलले. मारायचं तर मला मारा."

"मंग हिच्या काहून नाई मेल्या?" मागून कोणीतरी.

जीवशास्त्र घेतलेल्या बाईनं म्हटलं, "देवाला ठाऊक."

तेवढ्यात आतून कलेक्टर जोरात आरवला. गर्दीतलं कोणी फिसकन हसलं, "घ्या, साहेबाचा हुकूम झाला!" दुसराही हसला. मारोतरावनं काठीनं ओट्याची कड एकदा ठोकली, थुंकला आणि वळला. "चाला रे. होम चालू हाय." काठी त्यानं खांद्यावर टाकली, पण जाताना अय्यूबच्या दुकानाची फळी तोडून गेलाच.

आतून आवाज आला. "गेले काय?"

"गेले."

कडी निघेल म्हणून मी थांबले. निघाली नाही.

७ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. बापूजी सांगतात, होमामुळे. रमजान लागला. पहाटे हजराबीच्या घरचा धूर आधी दिसतो, सगळ्या गावाच्या आधी.

२१ फेब्रुवारी

निवडणुकीच्या लॉऱ्या भोंगे लावून फिरताहेत. भगवानराव त्यातल्याच एका जीपमधून उतरले. म्हणाले, "ते एक घर अजून बिनटोचलेलं ठेवलंत? कोकिळाबाई, वणव्यात एकच गंजी उरली तर ती वाचली म्हणायची की राहिली म्हणायची? आज ना उद्या जाणार. काहीही करा, आत शिरा."

त्यांचं म्हणणं खरं आहे. तिच्या कोंबड्या मेल्या तर त्या घरात शिजायला काही उरणार नाही, आणि त्याला कारण मीच असेन, माझा एक शब्द. पण मी स्वतःला विचारते: मला तिच्या कोंबड्या वाचवायच्या आहेत, की तिनं मला पुन्हा आत घ्यावं एवढंच हवं आहे? दोन्ही आहे. किती हे आणि किती ते, हे मोजता आलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या कारणाची लाज वाटते म्हणून पहिलं सोडून देणं, हाही एक अहंकारच.

आज अय्यूब वाटेत भेटला. पाठ अजून वाकवून चालतो. मी थांबले. तो म्हणाला, "बाई, त्या दिसी ओट्यावर तुमी... अम्मीनं आयकलं सारं." आणि सायकल ढकलत पुढे गेला.

७ मार्च

आठवड्यापासून तळ्यावर पाखरांची दाटी आहे. परत जायच्या आधी एकत्र जमत असावीत. आणि दाटीबरोबर मरणंही वाढलं आहे, पुन्हा डिसेंबरासारखं. सगळा काठ पांढरा दिसतो.

पुसदहून ताज्या कुप्या आल्या. बर्फ उद्या दुपारपर्यंत टिकेल, जास्त नाही. संध्याकाळी मोमीनपुऱ्यात चंद्र दिसल्याचा गलका झाला. उद्या ईद.

८ मार्च

आज मनावरचं ओझं उतरलं. सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी तळ्यावर गेले होते. नागपूरला पाठवायला या वेळी अगदी ताजं पाखरू हवं होतं. चिखलात घोट्यापर्यंत उतरावं लागलं. एक शेकाटी अजून जिवंत होती, माझ्या हातातच गेली. तिला ओल्या पदरात गुंडाळून पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात बांधावरून हाक आली. अय्यूब. नवा सदरा, डोक्यावर टोपी. तळ्याकडे पाठ करून उभा होता.

"बाई, अम्मी बलावते तुमाले. आत्ता या म्हनते."

"आत्ता? मी जरा..."

"आत्ताच म्हनलं. तिचं मन फिरलं तं मंग मले नका सांगू."

मी खोलीवर गेले ती फक्त थर्मास घ्यायला. दाराशी पोचले तर दार सताड उघडं. डिसेंबरानंतर पहिल्यांदा ते आंगण पाहिलं. सारवलेलं, उन्हात, आणि त्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र, एकही कमी नाही. कलेक्टर मधोमध.

हजराबी उंबऱ्यात लोटा घेऊन उभी होती. रोज्यांनी चेहरा उतरला होता. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पायाले चिखल हाय तुमच्या. जोड्यावर पानी घालू?"

क्षणभर मोह झाला. पण आजच्या दिवशी, याच घरात शिरताना पाय धुवायचे? मी म्हटलं, "नको. तुझ्या घरी धुऊन यायला मी परकी आहे का?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. लोटा खाली ठेवला. "या मंग. अशाच या," म्हणाली, आणि मला ओढून गळ्याशी धरलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझा पदर ओला होता. तिच्या नव्या कुडत्यावर डाग पडला. मी सांगितलं तर म्हणाली, "पडू द्या. रुसून बसायचा बी कंटाळा येते बाईसाब. एकट्यानं किती रुसाव मानसानं?"

ओसरीवर बसवून शीरखुर्मा दिला. मग मी थर्मास दाखवला, भगवानरावांचं म्हणणं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "दुखन तं नाई ना त्यायले?" मी म्हटलं, मुंगी चावल्यासारखं. मग तिनं स्वतः एकेक कोंबडी धरून माझ्या मांडीवर दिली. शेवटची टोचून होईपर्यंत बर्फ वितळत आला होता.

कलेक्टर सगळ्यांत शेवटी. तो मांडीवर येईना. हजराबी हसत म्हणाली, "साहेब हाय, त्याच्या मर्जीनं येईन." तो आला तो माझ्या पायांशी. जोड्यांवरचा तळ्याचा चिखल उन्हानं वाळून फुटू लागला होता, त्यात काहीबाही किडे असावेत. तो मान तिरकी करून पाही आणि टोचून खाई. एकेक करत बाकीच्याही आल्या आणि माझ्या पायांभोवती गोळा झाल्या.

हजराबी म्हणाली, "पाहा, वळखलं तुमाले."

त्या बिचकू नयेत म्हणून मी कितीतरी वेळ पाय हलवला नाही.